एक्सपोर्ट करताना काय निवडायचं? आधी ठरवा, व्हिडिओ कशावर बघणार

आजीच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ मी पंधरा दिवस रोज रात्री बसून एडिट केला. ५२ मिनिटांचा झाला. पेन ड्राइव्हवर टाकून कराडला मामाकडे पाठवला. रविवारी संध्याकाळी तिथे सगळे जमले, आजीला टीव्हीसमोर खुर्ची दिली आणि पाच मिनिटांत मामाचा फोन आला. "अगं, आवाज येतोय सगळा. औक्षण चाललंय ते कळतंय. पण चित्र कुठंय?"

माझ्या लॅपटॉपवर तोच व्हिडिओ व्यवस्थित चालत होता. एडिटिंगमध्ये काही चुकलं नव्हतं, चुकलं होतं शेवटच्या, एक्सपोर्टच्या खिडकीत, म्हणजे एडिट केलेल्याची तयार फाइल काढतो तिथे. तिथे व्हिडिओ आवळायच्या पद्धतीसाठी एच.२६४ आणि एच.२६५ असे दोन पर्याय होते. दुसऱ्याने फाइल लहान होते एवढं ठाऊक होतं, म्हणून तो निवडला. मामाचा टीव्ही जुना. त्यातल्या चिपला एच.२६५ उलगडता येत नव्हतं, आवाजाचा प्रकार मात्र ओळखीचा होता. म्हणून पडदा काळा आणि आवाज चालू.

तेव्हापासून एक्सपोर्टच्या खिडकीकडे जाण्याआधी मी एक गोष्ट कागदावर लिहिते: हा व्हिडिओ कोण बघणार आणि कशावर बघणार. मामाचा टीव्ही, यूट्यूब, घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप, की इन्स्टाग्रामचं रील. हे एकदा लिहिलं की खिडकीतले निम्म्याहून जास्त पर्याय तिथेच ठरून जातात. एकच व्हिडिओ तीन ठिकाणी जाणार असेल तर तीन फायली काढायच्या. सगळीकडे चालेल अशी एकच फाइल काढायला गेलं की ती कुठे अडते, कुठे जड होते, कुठे फिकी दिसते.

मी दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती वापरते, म्हणून खाली बटणांची नावं तिथली आहेत. प्रीमियर प्रो, शॉटकट, केडेनलाइव्ह किंवा फोनवरचं एखादं ॲप असलं तरी शब्द बहुतेक हेच दिसतील, फक्त जागा बदलतील.

एक्सपोर्टआधी टाइमलाइन तपासा

बरेच जण एडिटिंग संपल्यावर फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याचा, विचार करतात. खरं तर तो पहिली क्लिप आत घेतानाच करायचा असतो. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने लावतो त्या पट्टीवर, क्लिप आल्या की तिचा फ्रेम रेट नंतर बदलता येत नाही. पहिली क्लिप घेताना क्लिपचा आणि प्रोजेक्टचा फ्रेम रेट वेगळा असेल, तर सॉफ्टवेअर स्वतःच विचारतं, प्रोजेक्टचा बदलू का? घाईत काहीतरी दाबून पुढे जाऊ नका, तो प्रश्न वाचा.

फोन सहसा सेकंदाला ३० चित्रं काढतो. कॅमेरा 'पाल' या टीव्हीच्या पद्धतीवर ठेवलेला असेल तर २५ किंवा ५०. भारतात १९८२ साली रंगीत दूरदर्शन आलं ते पाल पद्धतीचंच, त्यामुळे लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे अजूनही २५ची सवय दिसते. दोन्हींत कमअस्सल काही नाही. अडचण येते ती दोन्ही एकत्र आले की. ३० फ्रेमची क्लिप २५च्या टाइमलाइनवर टाकली तर दर सहा चित्रांतलं एक गळतं. बसलेल्या माणसावर ते कळत नाही, पण कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला की चित्र बारीक धक्के खात सरकतं. म्हणून जास्तीत जास्त शूटिंग ज्या फ्रेम रेटमध्ये आहे तोच टाइमलाइनचा ठेवा, आणि एक्सपोर्टमध्येही तोच. ३०चे ६० करून हालचाल गुळगुळीत होत नाही, तीच चित्रं दोनदोनदा लिहिली जातात.

फोनच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. बरेच फोन बोलायला ३० म्हणतात, पण उजेड कमीजास्त झाला की फ्रेम रेट वरखाली करतात. अशी क्लिप लांब असेल तर सुरुवातीला आवाज ओठांशी जुळतो आणि विसाव्या मिनिटाला टाळी आधी दिसते, तिचा आवाज नंतर येतो. हे एक्सपोर्टमध्ये दुरुस्त होत नाही. एडिटिंगच्या आधी हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून क्लिप 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' करून घ्या.

रिझोल्यूशनचं, म्हणजे चित्रात आडवे-उभे किती ठिपके त्याचंही असंच. शूटिंग १९२० × १०८०चं असेल तर एक्सपोर्टही तेवढ्याचंच. रीलसाठी उभी टाइमलाइन वेगळी करायची, १०८० × १९२०. आडव्या चौकटीत उभा व्हिडिओ बसवून तसाच एक्सपोर्ट केला तर दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या चित्राचा भाग होतात. मग फोनवर तो व्हिडिओ मधोमध चिंचोळा दिसतो आणि त्या पट्ट्या काढायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

फॉरमॅट आणि कोडेक

रिझॉल्व्हच्या खालच्या पट्टीत सगळ्यात उजवीकडे रॉकेटचं चिन्ह आहे, ते 'डिलिव्हर' पान. डावीकडे वर तयार पर्यायांची रांग दिसते: कस्टम एक्सपोर्ट, एच.२६४ मास्टर, यूट्यूब वगैरे. नवख्याने एच.२६४ मास्टरपासून सुरुवात करावी, त्यात बदल थोडेच करावे लागतात.

इथे 'फॉरमॅट' आणि 'कोडेक' अशा दोन ओळी आहेत आणि त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉरमॅट म्हणजे डबा: एमपी४, क्विकटाइम, एमकेव्ही. कोडेक म्हणजे चित्रं कशा पद्धतीने आवळून डब्यात भरली ते. फाइलच्या नावाला शेवटी एमपी४ लिहिलंय म्हणजे ती सगळीकडे चालेल असं नाही. मामाकडे गेलेली फाइलही एमपी४च होती.

फॉरमॅटच्या जागी आधीपासून काहीही निवडलेलं असो, एमपी४ करा. कोडेक एच.२६४. हे मानक २००३ सालचं आहे आणि जुना टीव्ही, स्वस्त फोन, शाळेतला प्रोजेक्टर, सगळ्यांना ते वाचता येतं. एच.२६५ २०१३ सालचं. तेवढ्याच दर्जासाठी त्याला साधारण निम्मी जागा लागते, त्यामुळे मोह होतो. समोरचं यंत्र नवं आहे अशी खात्री असेल किंवा फाइल स्वतःजवळच ठेवायची असेल तर जरूर वापरा. २०१८ साली आलेलं एव्ही१ याहूनही काटकसरी आहे, पण दुसऱ्याच्या हाती द्यायच्या फाइलसाठी ते मी अजून निवडत नाही.

प्रोफाइल विचारलं तर 'हाय'. इंटरलेस्ड (चित्र एकाआड एक ओळींत, दोन हप्त्यांत) की प्रोग्रेसिव्ह (पूर्ण चित्र एकदम) असं विचारलं तर प्रोग्रेसिव्ह. पिक्सेल आस्पेक्ट रेशो 'स्क्वेअर'. घरातली जुनी कॅसेट डिजिटल करून आणली असेल, तर ती ७२० × ५७६ची आणि इंटरलेस्ड असते. हालचालीत माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात त्या याच्यामुळे. तीही आधी हँडब्रेकमधून 'डीइंटरलेस' करून घ्यावी. आणि एक कळकळीची विनंती: तिचं चार बाय तीनचं चित्र ताणून सोळा बाय नऊमध्ये बसवू नका. मामाच्या लग्नाची कॅसेट आम्ही या व्हिडिओत वापरली. दोन्ही बाजूंना काळं राहिलं, पण त्यात आजोबा जसे होते तसेच दिसले, उंच आणि सडपातळ.

बिटरेट: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

बिटरेट म्हणजे दर सेकंदाला चित्रासाठी किती माहिती खर्च करायची. रिझॉल्व्हमध्ये 'क्वालिटी'समोर दोन पर्याय आहेत. 'ऑटोमॅटिक' ठेवलं तर सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं आणि फाइल कधी कधी फार मोठी होते. 'रिस्ट्रिक्ट टू' निवडलं तर आकडा आपण देतो. तिथे आकडा किलोबिटमध्ये लिहायचा असतो, म्हणजे ८ मेगाबिट हवे असतील तर ८०००.

फाइल केवढी होईल हे एक्सपोर्टच्या आधीच काढता येतं. मेगाबिटमधला बिटरेट गुणिले सेकंद, भागिले आठ. उत्तर मेगाबाइटमध्ये. आठने का भागायचं, तर आठ बिटांचा एक बाइट होतो. दहा मिनिटांचा व्हिडिओ ८ मेगाबिटने काढला तर ६०० सेकंद गुणिले ८, भागिले ८, म्हणजे ६०० मेगाबाइट. हे गणित पाठ करून टाका. "फाइल एवढी मोठी का झाली" आणि "एवढी लहान का झाली", दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे.

आता आकडा किती द्यायचा? यूट्यूबने स्वतः अपलोडसाठी शिफारस केलेले आकडे चांगला पाया आहेत. ७२०पी, १०८०पी हे आकडे चित्राच्या उंचीचे, १०८०पी म्हणजे वरचं १९२० × १०८०. २४ ते ३० फ्रेमच्या साध्या, म्हणजे एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला टिपणारा प्रकार) नसलेल्या व्हिडिओसाठी ७२०पीला ५ मेगाबिट, १०८०पीला ८, १४४०पीला १६ आणि फोरकेला ३५ ते ४५. फ्रेम रेट ५० किंवा ६० असेल तर साधारण दीडपट: १०८०पीला १२, फोरकेला ५३ ते ६८.

पण हे आकडे सगळ्या चित्रांना सारखे पुरत नाहीत, आणि ते का हे समजून घेतलं तर पुढे कुणाला विचारावं लागत नाही. एच.२६४ प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र लिहितं, त्याला कीफ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांत फक्त काय सरकलं, काय बदललं एवढंच लिहितं. कीर्तनाचा व्हिडिओ डोळ्यांसमोर आणा. मागे तोच पडदा, तीच समई, तेच टाळकरी उभे, बुवांचे हात आणि चेहरा तेवढा हलतोय. लिहायला फारसं काही नाही, ५ मेगाबिटमध्येही चित्र स्वच्छ राहतं. आता जोतिबाच्या चैत्र यात्रेतलं एखादं दृश्य घ्या. हवेत गुलाल उधळलेला, उंच सासनकाठ्या नाचतायत, हजारो माणसं हलतायत, आणि गुलालाचा प्रत्येक कण पुढच्या चित्रात दुसरीकडे. इथे आधीच्या चित्रातलं काहीच उपयोगाला येत नाही. ८ मेगाबिटमध्ये हा गुलाल मावत नाही, त्याचे चौकोनी ठोकळे पडतात आणि गुलाबी धुक्याऐवजी रंगीत फरशी दिसते. जेजुरीचा भंडारा, पावसाच्या सरी, धबधबा, लग्नातले अक्षता पडतानाचे दोन सेकंद, सगळ्यांची तीच गत. असं चित्र बरंच असेल तर मी १०८०पीला १६ ते २० देते.

म्हणूनच स्थिर बिटरेटपेक्षा बदलता बिटरेट बरा. 'सीबीआर' आणि 'व्हीबीआर' असे पर्याय दिसले तर व्हीबीआर निवडा. म्हणजे बुवा बोलत असताना वाचलेली माहिती गजराच्या वेळी खर्च होते. 'टू पास' असेल तर सॉफ्टवेअर आधी एकदा सगळा व्हिडिओ चाळून मग भरतं. वेळ वाढतो, पण फाइल ठरावीक आकारात बसवायची असेल तर तो वेळ सत्कारणी लागतो.

शॉटकटमध्ये बिटरेटऐवजी दर्जा टक्क्यांत देता येतो, तिथे आकडा जास्त म्हणजे दर्जा चांगला. हँडब्रेकमध्ये 'आरएफ' असतं आणि ते बरोबर उलटं चालतं: आकडा कमी म्हणजे दर्जा चांगला, फाइल मोठी. १०८०पीसाठी २० ते २४ योग्य. ही दोन्ही सॉफ्टवेअर आलटून पालटून वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

बिटरेट वाढवून शूटिंगमध्ये नसलेलं काही येत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेली पुसट क्लिप ५० मेगाबिटने एक्सपोर्ट केली तर तोच पुसटपणा जास्त जागा घेऊन बसतो. नातेवाइकांकडून क्लिप मागवताना म्हणूनच पहिल्यापासून सांगावं, "डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

आवाज

कोडेक एएसी, ४८ किलोहर्ट्झ, स्टीरिओ. बिटरेट ३२० किलोबिट भरपूर झाला, यूट्यूबची शिफारस ३८४ची आहे. 'एक्सपोर्ट ऑडिओ'ची खूण आहे ना, बघून घ्या. मीटरवर आवाजाचं टोक शून्याला टेकत असेल तर एक-दोन डेसिबल खाली आणा, नाहीतर तुतारी आणि ढोल फाटतात.

मराठी अक्षरं आणि सबटायटल

आपल्यासाठी ही पायरी खास महत्त्वाची आहे, कारण सॉफ्टवेअरची बरीच मार्गदर्शनं रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेली असतात. काही टायटल टूल देवनागरी नीट जुळवत नाहीत. 'विठ्ठल'मधली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते, 'स्त्री' सुटी होऊन पाय मोडलेल्या अक्षरांची रांग दिसते, 'दुसऱ्या'मधला र भलतीकडे पडतो. म्हणून एका कोऱ्या टायटलमध्ये 'श्री विठ्ठल, ज्ञानेश्वर, दुसऱ्या स्त्रीचं कार्यक्रमपत्र' अशी ओळ टाकून बघा. अर्थ लागला नाही तरी चालेल, त्यात बहुतेक अवघड जोडाक्षरं येतात. ती नीट दिसली तर पुढे जा. तुटली तर दुसरं टायटल टूल वापरून बघा, आणि तेही जमलं नाही तर मजकूर इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी काढा आणि ती टाइमलाइनवर ठेवा. फॉन्ट युनिकोडचाच हवा. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे तिन्ही मोफत मिळतात.

डीटीपीवाल्यांकडून मजकूर आला असेल तर तो श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असू शकतो. तो तसाच चिकटवला तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर एकदा वाचून काढा, कारण रफार आणि जोडाक्षरं त्यात हमखास हलतात.

सबटायटल असतील तर डिलिव्हर पानावर व्हिडिओ टॅबच्या तळाशी 'एक्सपोर्ट सबटायटल'ची खूण आहे. 'बर्न इंटू व्हिडिओ' म्हणजे अक्षरं चित्रातच छापली जातात. व्हॉट्सॲप, रील आणि पेन ड्राइव्हसाठी हे. 'ॲज अ सेपरेट फाइल' म्हणजे वेगळी एसआरटी फाइल निघते. ती यूट्यूबसाठी, कारण तिथे बघणाऱ्याला ती चालू-बंद करता येते. एसआरटी नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त केलीत तर जतन करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' ठेवा. ते चुकलं की सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन बसते.

रंग फिके किंवा भडक दिसले तर

आयफोन १२पासूनचे आयफोन एचडीआरमध्ये शूट करतात. अशी क्लिप साध्या टाइमलाइनवर आली की चेहरे पांढरट पडतात किंवा रंग धुतल्यासारखे दिसतात. घरगुती कामासाठी सोपा उपाय शूटिंगच्या आधीचा आहे: फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग 'रेकॉर्ड व्हिडिओ', तिथे 'एचडीआर व्हिडिओ' बंद. एक्सपोर्टमध्ये 'डेटा लेव्हल्स' ऑटोवरच राहू द्या. काळा रंग राखाडी दिसतो म्हणून तिथे हात घातला आणि मग दुसऱ्या यंत्रावर सगळ्या सावल्या काळ्याकुट्ट झाल्या, हे मी एकदा करून बसले आहे.

तीन ठिकाणं, तीन फायली

पेन ड्राइव्ह आणि टीव्हीसाठी: एमपी४, एच.२६४, १०८०पी, २५ किंवा ३० फ्रेम. जुन्या टीव्हीला १०८०पीचे ६० फ्रेम झेपतीलच असं नाही, तो मोह टाळा. आणि पेन ड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे ते बघा. एफएटी३२ असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, मग पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. एक्सएफएटी केला तर ही अट जाते, पण काही जुने टीव्ही एक्सएफएटी वाचत नाहीत. मामाच्या टीव्हीचं तसंच निघालं. म्हणजे फाइलच ४ जीबीच्या आत आणायची. ५२ मिनिटं म्हणजे ३१२० सेकंद. १२ मेगाबिटने ४६८० मेगाबाइट, बसत नाही. १० मेगाबिटने ३९०० आणि आवाजाचे साधारण १२५, मिळून ४०२५. विंडोज ती पावणेचार जीबी दाखवतं. बसली.

यूट्यूबसाठी: वर दिलेले आकडे किंवा त्याहून थोडे जास्तच ठेवा. यूट्यूब तुमची फाइल स्वतः पुन्हा आवळतं, तेव्हा त्याला चांगला माल दिलेला बरा. 'नेटवर्क ऑप्टिमायझेशन'ची खूण करा. त्याने फाइलची अनुक्रमणिका शेवटी राहण्याऐवजी सुरुवातीला येते. खातं पडताळलेलं नसेल तर १५ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नाही, ते आधीच करून ठेवा. आणि अपलोड झाल्या झाल्या लिंक वाटू नका. यूट्यूब आधी कमी दर्जाची आवृत्ती तयार करतं, एचडी नंतर येते. तोवर व्हिडिओ 'प्रायव्हेट' ठेवा, नाहीतर पहिले बघणारे धूसर चित्र बघून बंद करतात. त्यात बहुतेक वेळा आपलीच माणसं असतात.

व्हॉट्सॲपसाठी: पूर्ण व्हिडिओ नको, दीड-दोन मिनिटांचा तुकडा वेगळा काढा. ७२०पी, ५ मेगाबिट. नव्वद सेकंदांचे साधारण ५६ मेगाबाइट होतात. नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप तो आणखी आवळतं. पाठवताना 'एचडी' निवडा, किंवा दर्जा तसाच हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्युमेंटला २ जीबीची मर्यादा आहे.

यांच्याशिवाय एक चौथी फाइल स्वतःसाठी काढावी असं माझं ठाम मत आहे. निदान पुन्हा न होणाऱ्या प्रसंगांची तरी. क्विकटाइम डब्यात डीएनएक्सएचआर एचक्यू, म्हणजे चित्र फार न आवळणारा कोडेक. फाइल प्रचंड होते, १०८०पीला २५ फ्रेमने मिनिटाला जवळपास दीड जीबी. पण पाच वर्षांनी कुणी वेगळ्या आकारात मागितला तर यातून काढता येतो. तोवर मूळ प्रोजेक्टच्या क्लिप हरवलेल्या असतात. एवढी जागा नसेल तर एच.२६४च ४० मेगाबिटने काढून ठेवा.

बटण दाबताना

फाइलचं नाव आणि जागा आपण द्या. 'टाइमलाइन १' नावाच्या अकरा फायलींतून शेवटची शोधणं फार त्रासाचं असतं. मी प्रसंग आणि व्हिडिओ कुठे जाणार ते लिहिते: 'आजी-७५-टीव्ही', 'आजी-७५-यूट्यूब'. डिस्कवर फाइलच्या दुप्पट तरी जागा मोकळी हवी. 'रेंडर'समोर 'एंटायर टाइमलाइन' आहे की 'इन-आउट रेंज', ते बघा. अर्धाच व्हिडिओ बाहेर पडतो त्याचं कारण बहुतेक वेळा जुनी राहून गेलेली इन-आउटची खूण असतं. मग 'ॲड टू रेंडर क्यू' आणि उजवीकडे 'रेंडर ऑल'. तिन्ही फायली क्यूमध्ये एकापाठोपाठ लावता येतात, रात्री लावून सकाळी बघा. लॅपटॉप चार्जरला जोडलेला हवा आणि स्लीप बंद हवी. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. एमपी४ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे ९८ टक्क्यांवर वीज गेली तर ९८ टक्के व्हिडिओ हाती येत नाही, न उघडणारी फाइल येते.

पण पूर्ण व्हिडिओ लावण्याआधी एक मिनिटाचा नमुना काढा. सगळ्यात जास्त हालचाल, मराठी अक्षरं आणि गाणं एकत्र असेल असा तुकडा निवडा, इन-आउट लावा आणि तेवढाच एक्सपोर्ट करा. तो आपल्या लॅपटॉपवर व्हीएलसीत चालला म्हणून समाधान मानू नका. व्हीएलसीकडे जवळजवळ सगळे कोडेक स्वतःचे असतात, त्यात चालत नाही अशी फाइल मिळणं अवघड. टीव्हीकडे फक्त त्याची चिप असते. व्हीएलसीचा खरा उपयोग वेगळा: 'टूल्स'मध्ये 'कोडेक इन्फॉर्मेशन' उघडलं की फाइलच्या आत नेमकं काय भरलंय ते दिसतं.

दुसऱ्या वेळी मी औक्षणाचा एक मिनिटाचा तुकडा काढला आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मामाला पाठवला. तो त्याने फोनवर न बघता पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावायचा, असं दोनदा बजावलं. अर्ध्या तासाने उत्तर आलं, "चित्र आलं. निरांजनाची ज्योतसुद्धा दिसतेय. आता बाकीचं पाठव, आई वाट बघतेय."